देठं काढून पाहिलेली मालिका

परवा आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने त्या जपानी मालिकेचं सुरुवातीचं गाणं टाकलं आणि पन्नाशीला टेकलेल्या आमच्या सगळ्या वर्गाला एकदम उमाळा आला. काय ते दिवस, काय तो निरागसपणा, आताच्या पोरांना काय कळणार! एकीने तर रडक्या चेहऱ्यांची रांगच लावली. मी गाणं अर्धं ऐकलं आणि फोन पालथा ठेवला. मला किळस आली. आधी त्या सगळ्यांची आली, मग नेहमीप्रमाणे माझी स्वतःची.

मालिका हिंदीत डब केलेली होती आणि रविवारी सकाळी लागायची. वादळाने उडवून नेलेली एक कोळ्याची मुलगी ढगांवरच्या राज्यात जाऊन पडते आणि तिला समुद्रकाठच्या आपल्या घरी परत जायचं असतं. सोबतीला एक बोलणारं दगडी कासव आणि मागावर एक रबरी राक्षस. राक्षसाच्या मानेवरची शिवण ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवरसुद्धा दिसायची. माणसं बोलून गप्प झाली तरी त्यांचे ओठ हलतच राहायचे. हिंदी अशी, की निम्मी आमच्या डोक्यावरून जायची. दर रविवारी ती मुलगी घराच्या अगदी जवळ यायची आणि दर रविवारी काहीतरी आडवं यायचं. आता पाहिली तर पाच मिनिटं बघवणार नाही इतकी टुकार. तेव्हा मात्र आम्ही तिच्यावर जीव टाकायचो.

डोणगावात आमच्या भागात टीव्ही एकच होता, मिरचीच्या एका व्यापाऱ्याच्या घरी. हा शेठ फुकट काही दाखवणारा माणूस नव्हता. भाग संपला की तो प्रत्येक पोराच्या हाती वाळलेल्या लाल मिरचीची एक थैली द्यायचा. आठवडाभरात देठं काढायची आणि पुढच्या रविवारी मिरच्या वेगळ्या, देठं वेगळी अशी परत आणायची. दारात शेठाणी उभी राहून थैलीत हात घालायची. एका मिरचीलाही देठ सापडलं की पोरगं बाहेर. आत तीस-चाळीस पोरांचा घाम, डोक्याचं खोबरेल तेल आणि मिरचीचा तिखट वास असा काही कोंडायचा की राक्षस आला तरी किंचाळायच्या ऐवजी आम्ही खोकायचो. नाक गळायचं, ते शर्टाला पुसलं की ओठही झोंबायचे. या वासाला आमच्यातल्या एकाने ग्रुपवर 'बालपणाचा सुगंध' म्हटलंय. त्याला कुणीतरी आता एक थैली घरपोच द्यावी.

माझ्या थैलीतली देठं मी कधीच काढली नाहीत. ती माझी ताई काढायची.

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. दहावीनंतर तिची शाळा बंद झाली आणि लोकांच्या घरी जाऊन बसणंही. पोरं, बाप्ये बसलेल्या खोलीत मोठ्या मुलीने टीव्ही बघायला जायचं नाही, हे आमच्याकडे ठरूनच गेलेलं होतं. त्यावर कुणी बोलतही नसे. म्हणून आमचा सौदा झाला. मिरच्या तिने खुडायच्या, मालिका मी बघायची आणि घरी आल्यावर तिला सगळी गोष्ट सांगायची. सौदा मीच सुचवला होता. दहा वर्षांची होते, पण कुणाचा जीव कशात अडकलाय हे ओळखून त्याला पिळून घेणं मला छान जमत होतं.

शनिवारी दुपारी ताई परातीत मिरच्या घेऊन ओसरीवर बसायची. बोटं लालबुंद व्हायची, नखांच्या कडा सुजायच्या. मग त्याच हातांनी भाकरीचं पीठ मळायला घेतलं की कढत पाण्याने तिच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. पण रविवारी मी आले की ती आधीच तयार असायची. बाबा बाजाराला न्यायचे त्या मेथीच्या जुड्या बांधता बांधता ती ऐकायची.

“मंग कासव काय म्हनलं?” “ढगावर चूल कशी पेटत असन वं?” एकदा इकडेतिकडे बघून अगदी हळू, “तिले तिथं पाळी आली त काय करत असन?” मला यातलं काहीच माहीत नसायचं. मी ठोकून द्यायचे. कधी ऐन रंगात थांबायचे आणि म्हणायचे, “आज हापशीवरून माह्यं पानी तू आन, मंग सांगतो.” ती मुकाट्याने कळशी उचलायची. हाच तो आमचा निरागसपणा.

शेवटचा भाग ज्या रविवारी होता त्याच दिवशी ताईला बघायला जालन्याकडचे पाहुणे येणार होते. ताईला लग्न नको होतं. तिला मेहकरला जाऊन शिवणकाम शिकायचं होतं. दोन महिने ती तेच म्हणत होती आणि बाबांनीही अजून आपलं काही पक्कं केलेलं नव्हतं. आईने मात्र तीन दिवस आधीच मिरच्यांची थैली तिच्या हातून काढून घेतली. “पाह्यनाऱ्यायले असे हात दाखोशीन काय?” म्हणाली आणि थैली दाराआड ठेवली. ताई मला म्हणाली, “ह्या टायमाले तू काढ नं वं. शेवटचा भाग हाये.”

मी नाही काढली. वाटलं, शेवटच्या दिवशी कोण बघतंय. शेठाणीने बघितलं. थैलीत हात घातला, तसाच बाहेर काढला आणि मला मनगटाला धरून पायरीखाली उतरवलं. “देठं काढून आन, मंग बस.” आत गाणं सुरू झालं. भाग संपेपर्यंत मी भिंतीला टेकून रडत उभी होते. पोरं बाहेर आली तेव्हा शेवट काय झाला हे मी कुणालाही विचारलं नाही. मला बाहेर काढताना सगळ्यांनी पाहिलं होतं.

पाहुणे गेल्यावर ताई नेसलेली साडीही न बदलता माझ्याजवळ आली. “पोचली काय वं घरी?”

खरं सांगायला काय हरकत होती? पण तिचे ते तीन दिवस जपलेले, मेंदी लावलेले हात बघून माझं डोकं फिरलं. हिच्यामुळे माझा भाग गेला, एवढंच मला दिसत होतं. मी म्हटलं, “नाही पोचली. अर्ध्या वाटंत मेली. राक्षसानं कासव फोडलं अन् तिले ढगावरून ढकलून देलं. तिच्या मायले निस्ती तिची चप्पल भेटली.” चप्पल मला बोलता बोलता सुचली. ती सुचल्याचा मला तेव्हा आनंद झाला होता, हे आठवलं की आजही माझं मलाच तोंड दाखवावंसं वाटत नाही.

ताई माझ्याजवळ खाली बसली. मग म्हणाली, “इतकी फिरून काहीच नाही भेटलं तिले?”

“नाही,” मी म्हटलं.

जेवताना बाबांनी विचारलं, पाहुण्यांना काय कळवायचं. दोन महिने नाही म्हणणारी ताई ताटाकडे बघत म्हणाली, “हाव म्हना.”

दुसऱ्या दिवशी शाळेत मला खरा शेवट कळला. मुलगी घरी पोचली होती. मी घरी आले आणि तोंड मिटून बसले. लग्नाला अजून दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत मी रोज तिच्या शेजारी जेवले, तिच्याकडून वेण्या घालून घेतल्या आणि एक अक्षर बोलले नाही. माझ्या थापेमुळे तिचं लग्न झालं असं मी म्हणत नाही. आईचा धोशा होताच, पाहुण्यांची जमीनही चांगली होती. पण माझ्यामुळे झालं नाही असंही मला कधी छातीठोकपणे म्हणता आलेलं नाही. शिवणाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. सासरचे तिला दिवाळीलाच पाठवायचे, तेही दोन दिवस. बाबा न्यायला गेले आणि एकटेच परत आले, असंही दोनदा झालं.

ग्रुपवरचा तो उमाळा पुढे कुणीतरी सगळे भाग शोधून काढण्यापर्यंत गेला. आमच्या वर्गातली एक ताईच्याच गावी दिलेली आहे. तिने ते ताईच्या सुनेला पाठवले.

काल ताईचा फोन आला. आधी गुडघ्यांचं बोलली, मग नातवाच्या खोकल्याचं. मग म्हणाली, “तो शेवटचा भाग पाह्यला वं मी. सुनेनं लावून देला.”



“ती त पोचली घरी,” ताई म्हणाली. “माय अंगनात मासे वाळू घालून राह्यली होती. ही मांगून गेली अन् तिचे डोये झाकले. मंग संपलं.”

“ताई, माह्यं चुकलं. त्या दिवशी मले शेठाणीनं...”

तिने मला पुढे बोलू दिलं नाही. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“एवढंच त होतं वं,” ती म्हणाली. “एवढंच सांगाचं होतं तुनं मले तवा.”