बुटक्या दाराचं घर

नाना कोणत्याही दारातून वाकून आत यायचे. दार कितीही उंच असो. सुरतेत पर्वत पाटियाला एका छापखान्याच्या माडीवर आमच्या मासिकाची खोली होती. तिचं दार एवढं उंच की कपाट आडवं न करता आत आलं होतं. तिथंही नाना उंबऱ्यापाशी थांबत, मान आणि पाठ दोन्ही झुकवत, आत पाऊल टाकत आणि मग ताठ होत. पहिल्या दिवशी मला वाटलं, माणसाची कंबर धरली असावी. कंबर ठणठणीत होती.

मासिकाचं नाव 'वस्तीला'. प्रवासाचं मासिक, पण त्यात ताजमहाल नाही, उटी नाही. खानदेशातून लूमवर, कापडाच्या यंत्रमागांवर, कामाला आलेल्या, रेल्वेत चिकटलेल्या मराठी माणसांसाठी नानांनी ते काढलं होतं. स्वतः नाना कापडाच्या एका प्रोसेस हाउसच्या रंगखात्यात. नखांच्या कडांना कधी निळा, कधी राणी रंग. पाळी संपली की त्याच हातांनी प्रुफं तपासायला बसत. प्रत्येक लेखाच्या शेवटी एक चौकट असे: कसं जायचं, कुणाकडं उतरायचं, जेवायला काय मिळेल. 'कुणाकडं' म्हणजे लॉजचं नाव नव्हे. माणसाचं नाव, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईचंही.

मी बी.ए. होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि ते मी सांगायला कधी लाजले नाही. माझे वडील लूमवर उभे राहून पाय सुजवत, म्हणून मी खुर्चीत बसले. सापुताऱ्यावर सुरेख भाषेत लेख लिहून मी नानांपुढे ठेवला. त्यांनी पूर्ण वाचला. मग चष्मा काढून विचारलं, "देखी उनी का राही उनी?"

बघून आलीस की राहून आलीस? हा त्यांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न. पुढं मी तो शंभर वेळा ऐकला.

"सकाळच्या गाडीनं गेले, संध्याकाळी आले," मी म्हटलं.

"मग हे पोस्टकार्डाच्या चित्रावरून पण लिहिता आलं असतं, बी.ए. बाई. कोणाच्या चुलीजवळ बसलीस? कोणी तुला म्हटलं का, आता अंधार पडला, जाऊ नको?"

मला राग आला. रागानंच पुन्हा तिकडं, डांगात गेले आणि एका घरी मुक्काम केला. घरची बाई नागलीची भाकरी थापता थापता मला म्हणाली, लग्न केलं नाहीस ते बरं केलंस. तेवढ्या एका वाक्यावरून मी लेख लिहिला. नानांनी एक शब्द न बदलता छापला.

नाना आपल्या गावाबद्दल नेहमी वर्तमानकाळात बोलत. "आमच्या चिंचोद्याला आता आंबा मोहरला असंल." "आमच्याकडं नदीचं पाणी गोड, डाळ पटकन शिजते." मी म्हणायची, नाना, मग चिंचोद्यावर लेख का नाही? ते प्रुफात डोकं घालत. एकदा गोडादऱ्याला त्यांच्या खोलीवर गेले असता मी तेच विचारलं, तेव्हा माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा गाळता गाळता म्हणाल्या, "बेटा, ते गाव पानीमा शे."

उकाईचं धरण भरलं तेव्हा तापीकाठची जी गावं गेली, त्यात चिंचोदं गेलं. आणि नानांचा नियम असा, की जिथं वाचक जाऊन राहू शकत नाही ती जागा छापायची नाही. नियम त्यांनीच केलेला. त्यामुळं सगळ्या गावांना 'वस्तीला'मध्ये जागा होती, फक्त चिंचोद्याला नव्हती. त्यांना आयुष्यात एवढंच एक छापायचं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग एक उन्हाळा असा आला की धरणाचं पाणी खूप मागं सरलं. नानांनी वाचकांची सहल जाहीर केली: चिंचोदं, एक मुक्काम. आम्ही दहा-बारा जण निघालो. नवापूरकडची गाडी, पुढं जीप, पुढं पायी. बरोबर माई होत्या, भाकऱ्यांचं गाठोडं होतं आणि पुंडलिकअप्पा होते. अप्पा लूमवाले, सहा फुटी, तोंडानं फटकळ.

समोर नुसता भेगाळलेला गाळ. एक दगड नाही, झाडाचं खोड नाही. अप्पा म्हणाले, "नाना, जागा मोकळी आहे. प्लॉट पाडू का?"

नाना हसले नाहीत. चालू लागले. सरळ नाही, वळणं घेत. "हा पार. इथं चपला काढा." आम्ही काढल्या. "ही शिंप्याची गल्ली." एक बाई मधूनच आडवी निघाली तर नाना ओरडले, "ओ ताई, भिंतीतून नका जाऊ!" ती खरंच मागं फिरली आणि वळसा घालून आली.

मग एका ठिकाणी ते थांबले. मोकळ्या आभाळाखाली त्यांनी मान झुकवली, पाठ झुकवली, पाऊल उचलून टाकलं आणि ताठ झाले. "बाप बुटका होता," मागं वळून म्हणाले. "आपल्या मापानं दार बसवलं. आम्ही पोरं लांबलचक झालो. कपाळाला टेंगूळ नाही असा दिवस नव्हता. या ना आत."

माईंनी डोक्यावर पदर घेतला आणि वाकून आत गेल्या. अप्पांनी इकडंतिकडं पाहिलं. मग तेही वाकले. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, तेव्हाही नव्हते ठेवत. पण माझ्या कपाळाच्या अगदी वर काहीतरी लाकडी आहे असं मला वाटलं, आणि मी वाकले. आत गारवा होता. उन्हाळ्यात, उघड्या गाळावर. हे मी आजवर कुणाला पटवू शकले नाही, पटवतही नाही.

आम्ही भाकरी आणि ठेचा खाल्ला. नाना काहीच नसलेल्या जागी पाठ टेकून बसले होते.

दिवस कलायला आला तेव्हा एक मासे धरणारा काठावरून हाका मारत आला. "काका, सांजे अहीं नै रेवाय! कादव पोचो छे." गाळ वरून वाळलेला, खाली मऊ आहे, रात्री माणसं रुततात, म्हणाला. आमच्याबरोबर बायामुलं होती. नाना उठले, त्या दारातून पुन्हा वाकून बाहेर आले. परतीच्या गाडीत एवढंच बोलले, "देखी उनूत. राही नही उनूत."

मी लेख लिहिला. त्यांनी परत केला. "मुक्काम झाला नाही."

या वेळी मी भांडले. "नाना, आपण गावात राहतो का? आपण माणसांकडं राहतो, हे तुम्हीच शिकवलंत. चिंचोद्याची माणसं कुठं आहेत?"

ते नखातला रंग खरवडत बसले. मग लेख ओढून घेतला आणि खालच्या चौकटीत स्वतः लिहिलं. कुणाकडं उतरायचं: आमच्याकडं, गोडादरा. जेवायला: माई करील ते.

आणि लोक आले! वळकट्या घेऊन, कोसाडहून, उधन्याहून. एकाच शहरातली माणसं एका खोलीत वस्तीला. नाना त्यांना भिंतीकडं बोट दाखवून म्हणत, "इथून नदी दिसते." आणि माणसं तिकडं बघत.

पुढच्या थंडीत नाना पाळीवरून आले, वाकून आत शिरले, कॉटवर बसले आणि गेले. 'वस्तीला' त्यांच्याबरोबरच बंद पडलं. मला चालवता आलं असतं असं लोक म्हणतात. नसतं आलं.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गोडादऱ्याच्या खोलीवर माईंपाशी बसले होते. पुंडलिकअप्पा बायकोला घेऊन आले. ती सहलीला आली नव्हती. खोलीचं दार चांगलं उंच, तरी अप्पा दारापाशी थांबले आणि वाकून आत आले. बायको उंबऱ्यातच उभी राहिली.

"असं काय करता? दार तर केवढं उंच आहे."

अप्पांनी आतून हात पुढं केला आणि तिच्या डोक्यावर धरला.

"वाक," ते म्हणाले. "लागंल."