पाणी काढणे

माझ्या वडिलांना माझ्या आईच्या आमटीने मारलं, असं आमच्या नात्यात बोललं जातं.

समोर कोणी बोलत नाही. समोर सगळे जेवतात.

आज आण्णांना जाऊन वर्ष झालं. दुपारी जुईनगरच्या घरी वर्षश्राद्धाचं जेवण होतं. पुरणपोळी होती. आमटी नव्हती.

थोरल्या काकूंनी पानावर बसताच विचारलं, "आमटी न्हाय केली व्हय गं?" आणि बाकीच्यांकडे एक नजर टाकली.

आई म्हणाली, "न्हाय." आणि पोळी वाढत पुढे गेली.

म्हणून हे लिहिते आहे. एकदाच.

आण्णा वाशीच्या भाजी मार्केटमध्ये माथाडी होते. आयुष्यभर पाठीवर गोणी. आमच्या घरात आठवडाभर काय शिजणार ते मार्केटमधली आवक ठरवायची. थंडीत पावटा, मटार, मेथी. पावसात दोडका, घोसाळी, पडवळ.

"ज्याचा ढीग लागलाय ते खावं," आण्णा म्हणायचे. "ढीग नसताना खाल्लं तर पोट बी विचारतं, ह्ये कुठनं आणलं?"

शनिवारी आई त्यांना आवक विचारायची आणि सात दिवस डोक्यात लावून टाकायची. कधी काही लिहिलं नाही. कधी चुकलं नाही.

मग आण्णांच्या किडन्या थकल्या. डाएटिशियन म्हणाल्या, पोटॅशियम कमी ठेवा.

आणि आठवडा मी हातात घेतला.

मी ऐरोलीला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सूचना वाचायच्या आणि एका वाक्याचे दोन अर्थ निघत असले तर ते परत पाठवायचं, हे माझं काम. मी त्यात चांगली आहे.

दर शनिवारी मी तक्ता करायचे. वार, भाजी, ग्रॅम, कृती. भाज्या सीझनच्याच. तेवढं आण्णांसाठी.

"सायबीण, ह्या आठवड्यात काय काय बंदी?" आण्णा विचारायचे.

"शेवगा, टोमॅटो, बटाटा, केळं, पालक…"

"त्यापरीस मंजूर काय हाय ते सांग. लवकर संपंल."

तक्ता मी फ्रिजवर लावायचे. आईला समजावून सांगितला नाही. लावला.

कृतीच्या रकान्यात प्रत्येक भाजीपुढे एकच ओळ होती, मी कॉपी-पेस्ट केलेली:

"चिरून उकडणे, पाणी काढणे, मग फोडणी."

भाजीतलं पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं. ते पाणी फेकून द्यायचं, असं मला म्हणायचं होतं.

आई साताऱ्याकडची. तिच्याकडे पुरणाची डाळ शिजली की "पाणी काढतात". म्हणजे निथळून बाजूला ठेवतात. त्याला येळवणी म्हणतात, आणि त्याची आमटी होते. येळवणी मोरीत ओतणारीला तिच्या सासूने घरात टिकू दिलं नसतं.

आईने तक्त्यात लिहिलं होतं ते केलं. पाणी काढलं. मूठभर डाळ घालून त्याची आमटी केली.

चार महिने.

रविवारी मीही ती आमटी खायचे. आईची मूठभर डाळ मी वजन करून बघितली होती. ग्रॅम लिहून ठेवले होते. आमटी दोन वाट्या, तीही आण्णांना दिवसाला जेवढं पाणी ठरवून दिलं होतं त्यात मोजली होती.

ते पाणी कुठलं, हे विचारलं नाही.

पोटॅशियम वाढलं म्हणून आण्णांना ॲडमिट केलं त्या दिवशी हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये डाएटिशियनने आईला विचारलं, "भाजीचं पाणी टाकून देता ना?"

आई म्हणाली, "टाकायचं कशाला? सगळं सत्त्व त्यात असतं. आमटी करते की. आवडीनं पितात."

अभिमानाने म्हणाली.

काकू शेजारीच होत्या. सगळ्यांनी आईकडे बघितलं.

मीही बघितलं.

तिसऱ्या दिवशी आण्णा गेले. डॉक्टर म्हणाले, किडन्या आधीच खूप खराब होत्या, एकाच गोष्टीवर बोट ठेवता येणार नाही. नातेवाइकांनी ठेवलं.

दहावा झाल्यावर मी तक्त्याची फाइल उघडली. ती ओळ वाचली. दोन अर्थ निघत होते.

फाइल बंद केली. वर्षभर गप्प राहिले. ते सोयीचं होतं.

आज सकाळी आई पुरणाची येळवणी सिंकमध्ये ओतत होती. वास जाईपर्यंत नळ सोडून उभी राहिली. मी बघत होते.

मंडळी गेल्यावर बोलले. "आई, ते मी चुकीचं लिहिलं होतं. 'फेकून देणे' लिहायला हवं होतं."

आई ताटं विसळत होती. थांबली नाही.

"म्हाईत हाय. दवाखान्यातनं आले तवाच परत वाचलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझं लगीन व्हायचंय. माझं झालंय."

एवढंच.

तर नोंद दुरुस्त करते आहे. ओळ माझी होती. आईने ती शब्दशः पाळली. आमटीला नाव ठेवायचं असेल तर माझं ठेवा. थोरल्या काकू आणि इतर जण, ज्यांच्यासाठी हे लिहिलं आहे, त्यांना टॅग केलं आहे. हात जोडलेले इमोजी नकोत.

माझ्या लग्नाचं माझं मी बघेन.

पुढच्या वर्षी याच तिथीला येळवणीची आमटी होईल. ज्यांना चालणार नाही, त्यांनी जेवायला येऊ नये.

आण्णा, मार्केटात पावट्याचा ढीग लागलाय म्हणतात. यंदा तुम्हाला कसलीच बंदी नाही.

येते.