डॉक्टरमावशींची सवत

बोरिवलीला राहायला आल्यापासून मुलुंडच्या बातम्या मला उशिरा कळतात. डॉक्टरमावशी गेल्याचंही पेपरातूनच कळलं. चार ओळींचं निवेदन होतं: डॉ. अनुराधा सावंत, माहेरच्या मालती केळुसकर. ती दोन नावं शेजारी छापलेली पाहून माझा चहा तसाच राहिला... ती एकत्र आणायला या बाईंना काय मोजावं लागलं होतं, ते मी जवळून पाहिलं होतं.

त्या मेंदू आणि नसांच्या डॉक्टर, आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मी कॉलेजात होते, इंग्रजी शाळेत शिकलेली आणि दोन्ही भाषांत गप्प. "इंग्लिश मीडियमची ना तू? मग माझे लेख टाइप कर," म्हणून त्यांनी मला टाइपरायटरसमोर बसवलं. पहिल्याच दिवशी टाचणीला कापूस गुंडाळून म्हणाल्या, "डोळे मीट. बोटाला लागलं की 'लागलं' म्हण. नाही लागलं तर गप्प बस. डॉक्टरला बरं वाटावं म्हणून बोलायचं नाही, माझे निम्मे पेशंट तेच करतात." गप्प बसणं हेही उत्तर असतं, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

तुटलेली नस जोडल्यावर बोटांत जाणीव कोणत्या क्रमाने परतते, हा त्यांचा विषय. पहिला मोठा लेख लग्नाआधीचा. मग लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि पुढचे लेख त्या नावावर आले. शनिवारी त्या मला मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत न्यायच्या. तिथे सायटेशन इंडेक्सचे जाडजूड खंड होते. जगात कोणी कोणाच्या लेखाचा आधार घेतला, ते त्यांत मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं. केळुसकर एका पानावर, सावंत कितीतरी पानं पुढे. मी भिंग धरून वाचायचे.

"सवतीचं काय चाललंय गं?" त्या विचारायच्या. सवत म्हणजे केळुसकर. तिच्या नावाखालची रांग नेहमीच लांब. मी ज्यांची नावं फक्त ॲटलासमध्ये पाहिली होती, त्या गावांतले लोक मुलुंडच्या या बाईंच्या एका निष्कर्षावर आपलं काम उभं करत होते... आणि बाई माझ्या शेजारी पदराआड शेंगदाणे खात होत्या.

एका वर्षी परदेशी नियतकालिकात या विषयाचा मोठा आढावा आला. हा क्रम आता मान्य करायला हरकत नाही, असं त्यात होतं, कारण मुंबईतल्या दोघांना तो एकमेकांपासून स्वतंत्रपणे सापडला आहे: केळुसकर आणि सावंत. मला हसू आलं. मावशी हसल्या नाहीत. केळुसकर आणि सावंत ही एकच बाई आहे, असं त्या नियतकालिकाला पत्राने कळवायचं त्यांनी ठरवलं.

प्रोफेसरच्या जागेची मुलाखत तोंडावर होती. सावंतकाका म्हणाले, "राहू दे ना आता. दोघी तूच तर आहेस."

"म्हणूनच. अहो, साक्षीदार एकच आहे आणि ते दोन मोजतायत."

"मग मुलाखत झाल्यावर पाठव."

"तोवर कोणी माझ्यावर विसंबून हात बरा झाला म्हणून पेशंटला घरी पाठवलं तर? टाइप कर गं तू."

मी टाइप केलं. पत्र छापून आलं. मुलाखतीत त्याबद्दलच विचारलं गेलं आणि जागा दुसऱ्याला मिळाली. पुढच्या लेखांतून त्यांचा क्रम 'पुरेसा आधार नाही' म्हणून वगळला जाऊ लागला. इंडेक्समधली रांग आखडत गेली, दोन्ही पानांवर. शनिवार मात्र चुकले नाहीत. "चला, सवतीबरोबर मलाही घरी बसवलं," एवढंच एकदा म्हणाल्या.

मग बऱ्याच दिवसांनी एका नव्या अंकात एक लेख निघाला. त्या लोकांनी आपल्याच पेशंटवर सगळं पहिल्यापासून तपासलं होतं. क्रम तोच आला होता. तळाशी दोन्ही नावं होती आणि पुढे लिहिलेलं, 'एकच लेखिका'. मावशींनी ते दोनदा वाचलं, डोळे मिटले. त्या रडतायत असं मला वाटलं.

"लागलं," त्या म्हणाल्या.

गेल्या रविवारी मुलुंडला जाऊन आले. काकांनी टेबल आवरलेलं नाही. टाइपरायटरशेजारी कापूस गुंडाळलेली टाचणी तशीच होती. काकांनी ती उचलली. "डोळे मीट," म्हणाले.

मी मिटले. खूप वेळ काहीच झालं नाही... मी गप्प बसले.

मग लागलं.