माझ्या अरबीचे दोन गुरू

माझी नोकरी गेली आणि मी अरबी शिकायला लागलो.

नोकरी गेल्यावर माणसं दारू धरतात, देव धरतात, निदान अंथरूण तरी धरतात. मी तिन्हींचा विचार करून पाहिला होता. नोएडातल्या ज्या ऑफिसात मी बातम्यांचे मजकूर तपासायचो, तिथे ते काम आता सॉफ्टवेअर करणार होतं. (ते चहा पीत नाही आणि सुट्टी मागत नाही, असं साहेबांनी मला निरोप देताना कौतुकाने सांगितलं!) दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं क्वार्टर माझ्या बायकोच्या, सुषमाच्या सरकारी नोकरीतलं, म्हणून डोक्यावर छप्पर तरी होतं. सकाळी ती टिफिन घेऊन निघाली की मी खिडकीत. अमरावतीहून वडिलांचा फोन यायचा. मी म्हणायचो, "जय भीम बाबा, मीटिंगमध्ये आहे." मागे कुकरची शिट्टी व्हायची.

"कसली रे ही मीटिंग?" बाबा विचारायचे.

अरबीची कल्पना आमच्या मैत्रेयीची. मुलगी कॉलेजात, जन्म दिल्लीचा, त्यामुळे मराठी अर्धी. "पप्पा, गुडगावच्या हॉस्पिटल्समध्ये इराकचे कितने सारे पेशंट्स येतात! त्यांना इंटरप्रेटर लागतो. तुम्ही अरबी शिका ना, यार!"

"या वयात?"

"फोनवर शिकायचं. बिल्कुल फ्री!"

फोनमधली बाई मधाळ आवाजाची होती. मी काहीही म्हटलं की ती म्हणायची, "वा! अप्रतिम!" आणि पडद्यावर तारे उधळायची. एकदा मला शिंक आली. तिलाही तिने "अचूक उच्चार!" म्हणून तारा दिला! पण खरं सांगतो, त्या महिन्यांत मला चांगलं म्हणणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. मी दिवसदिवस तिच्यासमोर बसायला लागलो. 'हवा सुंदर आहे', 'वाचनालय कुठे आहे', 'माझ्या मावशीला डाळिंब आवडतं' ही वाक्यं मी झोपेतही बोलायचो.

सुषमाने हे काही दिवस पाहिलं. "अहो, जी कधीच चूक म्हणत नाही ती शिकवणार काय? हाडामांसाचा मास्तर शोधा."

तिच्या ऑफिसातल्या कोणीतरी करीमसाहेबांचं नाव सुचवलं. ओखल्याला राहणारे, कॉलेजातून निवृत्त झालेले अरबीचे प्राध्यापक. मेट्रोने यायचे. चहात साखर नको, बिस्किट नको आणि विद्यार्थ्याचं कौतुक तर अजिबातच नको!

"कहिए, क़ाफ़," ते पहिल्या दिवशी म्हणाले.

"काफ."

"गले से, जनाब."

"काफ!"

"और नीचे."

मी इतका खाली गेलो की दुपारचं वरण वर आलं. करीमसाहेबांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. "हाँ! अब क़रीब पहुँचे!"

आतून मैत्रेयी ओरडली, "मम्मी, पप्पांना उलटी होतेय का?"

एक अख्खा महिना आम्ही त्या एका अक्षरावर काढला. त्यापुढे जी वाक्यं आली ती अशी की भाजीवाल्यापुढे उभं राहून 'हे शाकविक्रेत्या, मजप्रत दोन वांगी अर्पण कर' म्हणावं! म्हणजे फोनवालीने मला मावशीचं डाळिंब शिकवलं आणि मास्तरांनी खलिफाचा दरबार. आजाऱ्याला कुठे दुखतं हे विचारायला दोघांनीही शिकवलं नाही. शेवटी मी करीमसाहेबांना "सध्या कामात आहे" असा निरोप पाठवला. (कामात!) आणि तारे देणाऱ्या बाईकडे परत गेलो.

गुडगावच्या एका हॉस्पिटलने मला चाचणीवर घेतलं. मुलाखत घेणाऱ्याला अरबीचा गंध नव्हता. मी हवा, वाचनालय आणि मावशी एका दमात म्हणून टाकली. तो थक्क!

दुसऱ्याच दिवशी मला हृदयरोगाच्या वॉर्डात पाठवलं. बाहेर बाकावर काळ्या झग्यातली एक वयस्क बाई बसली होती. उम्म सालिम, बगदादकडची. आत नवरा, अबू सालिम, नळ्यांनी वेढलेला. कित्येक दिवस ती त्या बाकावरून हलली नव्हती. डॉक्टर घाईत होते. "यांना सांगा, हृदय फार कमजोर आहे. उद्या ऑपरेशन. धोका मोठा आहे."

हृदयाला शब्द कल्ब. फोनवर मला त्या शब्दाचे पाच तारे होते! मी घसा साफ करून म्हणालो, "तुमच्या नवऱ्याचं कल्ब फार कमजोर आहे."

उम्म सालिमने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आमच्याकडे नाही."

मी डॉक्टरांकडे वळलो. "त्या म्हणतात, आमच्याकडे हृदय नाही."

"काय?"

"धक्का बसलाय त्यांना," मी समजुतीने सांगितलं आणि पुन्हा तिच्याकडे वळलो. "आहे! डॉक्टरांनी स्वतः पाहिलंय. उद्या सकाळी ते उघडणार. कदाचित मरेल."

तिचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. तिने नर्सकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं, आणि मग ती वयस्क बाई, त्या शांत वॉर्डाच्या दारात, माझ्या तोंडासमोर तोंड आणून भुंकली. चक्क! "भू! भू! कल्ब!" मग छातीवर हात आपटून म्हणाली, "गल्ब! गल्ब!"

आवाज ऐकून जुन्या इंटरप्रेटर नसीमबाई धावत आल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अरे भाई, हृदयाचा क़ घशातून येतो. तुमच्या क ने कुत्रा होतो. आणि यांच्या बोलीत तर हृदयाला गल्बच म्हणतात! तुम्ही मघापासून यांचा कुत्रा फाडताय!"

पुढचं सगळं नसीमबाईंनी नीट समजावलं, संमती घेतली. मी भिंतीला टेकून होतो. ऐकता ऐकता उम्म सालिमचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती! उठून आत गेली, नवऱ्याच्या कानाशी वाकली. अबू सालिम असा हसला की मशीन किंचाळलं आणि नर्स धावली.

मी जिन्यात जाऊन करीमसाहेबांना फोन लावला, सगळं सांगितलं.

"मैंने कहा था," ते म्हणाले, "और नीचे."

ऑपरेशन झालं, पण अबू सालिम शुद्धीवर न येताच गेला. नसीमबाईंनी उम्म सालिमला ते सांगितलं, शुद्ध, हळुवार अरबीत, आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. डॉक्टर गेले. वॉर्डबॉयने पलंगाची चादर काढली. मी राहिलो. मनात शब्द शोधत होतो, तर ओठांवर येत होतं वाचनालय. म्हणून मी काहीच बोललो नाही. चहा आणला, शेजारी बसलो. तिने माझ्या शर्टाची बाही मुठीत धरली आणि तशीच धरून ती रडली. मग शवागार, मग दूतावास, मग विमानतळ. सगळीकडे ती पुढे आणि मी तिची पिशवी धरून मागे. शवपेटी आत गेली तेव्हा मीही रडलो. त्याला अरबी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं. वर्षात दुसऱ्यांदा हाकलणार म्हणून मी डबा न घेताच गेलो. मॅनेजर म्हणाले, "त्या बाई जाताना नसीमबाईंकरवी सांगून गेल्यात. भाषांतराला दुसरा माणूस ठेवा, पण नातेवाइकांच्या सोबतीला हाच द्या. तेव्हा तुम्हाला पक्कं करतोय. अट एकच. तोंड उघडायचं नाही!"

घरी येऊन मी पेढे ठेवले आणि अट सांगितली. मैत्रेयी किंचाळून गळ्यात पडली. सुषमाने पेढा उचलला, शांतपणे खाल्ला आणि म्हणाली,

"लग्न झाल्यापासून मी हेच फुकट सांगतेय. पगार मिळाल्यावर ऐकलंत!"