इन्सुलिन आणि मासळीची पेटी

फ्रिजमधल्या थर्मामीटरचा पारा आठाच्या वर सरकायला लागला, तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

शनिवारची दुपार, मे महिना. नेरूळमधल्या माझ्या मेडिकलसमोर सकाळपासून खोदकाम चाललं होतं. त्यात जमिनीखालची केबल तुटली आणि अख्ख्या सेक्टरची लाईट गेली. लाईनमनने खड्ड्यात डोकावून बघितलं, मान हलवली.

"मॅडम, सोमवारपर्यंत विसरा. नवीन तुकडा मागवावा लागेल."

मेडिकलवाल्याला लाईट जाणं नवीन नसतं. तास-दोन तास फ्रिजचं दार उघडायचं नाही, एवढं पाळलं की भागतं. पण मे महिन्यात दोन दिवस म्हणजे फार झालं. माझ्या फ्रिजमध्ये इन्सुलिन होतं. डायबेटिसच्या पेशंटना टोचायचं औषध. ते दोन ते आठ डिग्रीच्या मध्ये ठेवायचं असतं. त्या काळात आमच्या बाजूला ते ठेवणारी दुकानं थोडी होती. वरच्या सेक्टरमधले, सारसोळे गावातले पेशंट माझ्याकडेच यायचे. होलसेलरला माल परत घ्या म्हणून फोन केला, तर तो दुपारीच शटर ओढून गेलेला.

तेवढ्यात काझीचाचा आले. मूळचे श्रीवर्धनचे, वाशीत टिंबरचा धंदा, राहायला आमच्याच सेक्टरमध्ये. चाची इन्सुलिनवर होत्या. त्यांची हातातली बाटली संपत आली होती, पुढची माझ्याकडे होती.

"सुजाता, टेन्शन कशाला घेतेस?" चाचा म्हणाले. "माझ्या भावाकडे वाशीला लाईट आहे. एवढा मोठा फ्रिज आहे. सगळा माल गाडीत टाक, मी पोचवतो."

"तुमची बाटली बिल करून न्या, चाचा. बाकीचा माल नाही देता यायचा."

"का? माझ्या भावाच्या फ्रिजवर भरवसा नाय?"

"फ्रिजवर आहे. पत्ता चुकीचा आहे."

चाचांना ते पटेना. मी समजावलं. औषधं विकायचं लायसन्स माणसाला मिळतं, तसं ते जागेलाही मिळतं. लायसन्सवर जो पत्ता, तिथेच माल ठेवायचा. मी माल कुणाच्या घरी ठेवला आणि तिथून परत आणून विकला, तर तो भाऊ कितीही सज्जन असो, माझं लायसन्स गेलं.

"कायद्याने काय माल थंड राहणार आहे?" चाचा वैतागले. पण गेले नाहीत. घाम पुसत स्टुलावर बसून राहिले. मालाला थंडाव्याकडे नेता येत नव्हतं, म्हणजे थंडावा मालाकडे आणायला हवा होता. आणि बर्फवाल्याकडे तर लाईट गेल्यापासूनच रांग लागून बर्फ संपला होता.

संध्याकाळी हिराबाय आली. ही सारसोळ्याची कोळीण. माझ्या दुकानाच्या बाजूला फुटपाथवर बसून मासळी विकायची. तिच्या टोपलीचं पाणी माझ्या पायरीवर यायचं, त्यावरून आमचं अधूनमधून वाजायचं. माझ्याकडे एकदा बघून तिने विचारलं,

"बाय, त्वांड कनाला पारलंस?"

मी सांगितलं. तिने हातातला कोयता खाली ठेवला.

"बरफ पायजे, येवराच ना? दिवाले गावान माज्या भावाची मासलीची होरी हाय. बरफाची लादी हाय, थर्माकोलची पेटी हाय. पन आनायची कशी?"

आम्ही दोघींनी चाचांकडे बघितलं. चाचांची पांढरी फियाट बाहेर उभी होती. ती ते रोज सकाळी स्वतः पुसायचे.

"माझ्या गाडीत आजपर्यंत सुकं बोंबीलसुद्धा बसलेलं नाय," चाचा म्हणाले. मग उठले. "चल हिराबाय. पुढे बस."

पेटी आली, बर्फाच्या लादीसकट. मी ती साबणाने दोनदा घासली, डेटॉलने पुसली. वास तसाच. पेटीवर निळ्या रंगात 'एकवीरा प्रसन्न' असं लिहिलेलं होतं, तेही तसंच राहिलं.

हिराबायने बर्फ फोडून तळाशी भरला आणि कमरेची पिशवी सोडली. त्यात जाडं मीठ होतं.

"थांब!" मी एवढ्या जोरात ओरडले की चाचा दचकले.

"अगो, मीठ टाकला का बरफ लय थंड होतं," ती म्हणाली.

"तेच नको आहे."

मीठ घातलं की बर्फ शून्याच्या बराच खाली जातो. मासळीला ते चांगलं. इन्सुलिन मात्र एकदा गोठलं की मेलं. वितळल्यावर ते दिसायला पुष्कळदा पहिल्यासारखंच दिसतं, पण शरीरात काम करत नाही. पेशंट टोचून घेतो आणि साखर वर जात राहते. गरम होण्यापेक्षा हे वाईट, कारण कुणाला कळत नाही.

हिराबायने ऐकून घेतलं, थोडा विचार केला.

"म्हंजे जित्या खेकऱ्यासारखा हाय तुजा औषध. गार पायजे, पन मराला नको."

इतकं सोपं मला कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. बर्फावर मी जाड टॉवेल टाकला, त्यावर स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा, डब्यात बाटल्या आणि थर्मामीटर. थोड्या वेळाने बघितलं, पारा दीडवर. डब्याखाली वर्तमानपत्रांची चांगली जाड थप्पी घातली. मग पारा चारवर आला आणि तिथे थांबला.

रविवारभर हेच चाललं. बर्फ वितळला की चाचा आणि हिराबाय दिवाळे गावाला जायचे, नवीन घेऊन यायचे. दुसऱ्या फेरीपासून चाचांनी सीटवर ताडपत्री घातली. तिसऱ्या फेरीला दोघं परत आली ती कोळंबीच्या भावावरून भांडतच.

सोमवारी सकाळी ड्रग इन्स्पेक्टर आले. औषधांची दुकानं तपासणारा सरकारी अधिकारी. सांगून येत नाही. हे साहेब उंच, शिस्तीचे, कमी बोलणारे. दारातच थांबले, दोनदा श्वास ओढला.

"मॅडम, लायसन्स औषधांचं आहे ना?"

"हो, सर."

त्यांनी फ्रिज उघडला. बंद आणि रिकामा.

"इन्सुलिन?"

मी पेटीकडे बोट केलं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, "एकवीरा प्रसन्न. ही कुठली कंपनी?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकतायत की नाही कळेना. पेटी उघडली, डबा बघितला, टॉवेल चाचपला. बॅगेतून स्वतःचा थर्मामीटर काढून आत ठेवला आणि स्टुलावर बसून राहिले. लायसन्स सस्पेंड झालं तर दुकानाचं काय, हाच विचार. शेवटी त्यांनी पारा बघितला. पाच.

"लाईट असलेल्या ठिकाणी का नाही हलवलं?"

"लायसन्स या पत्त्याचं आहे, सर."

पहिल्यांदाच त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. तेवढ्यात हिराबाय डोक्यावर बर्फ घेऊन आत आली. तिला वाटलं, गिऱ्हाईक.

"भावा, ताजी पापलेटं हायेत. देऊ का?"

"मी शाकाहारी आहे," साहेब म्हणाले.

"मंग तुजा हितं काय काम?"

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साहेब हसत होते. आवाज न करता, पण खांदे हलत होते.

"मॅडम, मला तापमान तपासायचं असतं. ते बरोबर आहे," ते म्हणाले. "वासाबद्दल नियमात काही सापडत नाही. पण आजच्या आज स्वतःची कोरी पेटी घ्या. ही मासळीकडे परत जाऊ दे."

दुपारी केबल जोडली गेली. फ्रिज घरघरला, आणि एक बाटलीही वाया न जाता माल आत गेला. चाची त्यांची बाटली घ्यायला स्वतः आल्या. खोका नाकाशी नेऊन म्हणाल्या, "आमच्या घरात ह्याला वास म्हणत नाहीत." फियाटच्या काचा मात्र आठवडाभर उघड्या होत्या.

नवीन दुकान टाकणारी मुलं अजून माझ्याकडे सल्ला विचारायला येतात. फ्रिज कुठला घेऊ, असं विचारतात. मी सांगते, कुठलाही घ्या. थर्मामीटर मात्र चांगला घ्या. फ्रिजला हात लावून आपल्याला गार वाटतं, औषधाला काय वाटतंय ते त्यातून कळत नाही.