सरिताबाईच्या कॉम्प्युटरची राखण

नागभीडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरिता खोब्रागडे राहते. झाडीपट्टीतले नाटककार हाताने लिहिलेली नाटकं तिच्याकडे आणून टाकतात. ती घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करते आणि ते पेनड्राइव्हवर घेऊन जातात. खलनायक 'हाऽ हाऽ' हसतो की 'ह्या ह्या', हेही लोक तिलाच विचारतात.

कॉम्प्युटर तिच्या नवऱ्याने, संघपालने आणला होता. तो बिघडला की संघपालच त्याच्या मागे लागायचा. मागच्या हिवाळ्यात चंद्रपूरच्या दवाखान्यात संघपाल वारला. त्याच्या मागच्या विधीला, पुण्यानुमोदनाला, सगळं गणगोत जमलं. सरिताने सगळ्यांना वाढलं, पातेली घासली, भाड्याच्या सतरंज्या परत पाठवल्या. रडली नाही. नणंद रंजीता म्हणाली, "मोकळी हो वो, रड." सरिताने मान हलवली. रडायचं कुठून सुरू करतात तेच तिला सापडत नव्हतं.

मग कामं येत गेली आणि ती टाइप करत गेली. संघपालने घेतलेल्या अँटिव्हायरसची मुदत संपली होती. रोज कोपऱ्यात लाल चौकट यायची, ती 'नंतर' दाबायची.

एका दुपारी मात्र अख्खा पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला. कॉम्प्युटर धोक्यात आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. सरिताने फोन केला. पलीकडचा माणूस हिंदीत गोड बोलत होता. "मॅडम, घबराइए मत." ती घाबरली नव्हतीच. तो सांगेल तिथे ती दाबत गेली. एक प्रोग्राम उतरवला, त्यातला आकडा वाचून दाखवला. मग पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. ती हात मांडीवर ठेवून बघत बसली. बरं वाटत होतं, असं तिने नंतर सांगितलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी सांगत होतं, आता पुढे काय करायचं.

तेवढ्यात शेजारची निशात डबा परत द्यायला आली. बसस्टँडजवळ तिचा कॉम्प्युटरचा क्लास आहे. फोन स्पीकरवर होता. माणूस म्हणत होता, "मॅडम, अब बैंकवाला पेज खोलिए."

निशातने डबा खाली ठेवला आणि भिंतीतला प्लग ओढला.

"बाई, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"तो नीट करून देत होता."

"तो चोर होय, बाई! ओटीपी सांगतला काय?"

"अजून नाई मांगतला त्यानं."

निशातने फोन कापला, बँकेला फोन लावून खातं थांबवलं, सायबर पोलिसांच्या नंबरवर तक्रार नोंदवली. ती विचारेल ते सरिता सांगत होती. पैसे गेले नव्हते. हायसं वाटायला हवं होतं. तिने चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी निशात क्लास सुटल्यावर आली. इंटरनेट तोडून तिने कॉम्प्युटर सुरू केला, त्या माणसाचा प्रोग्राम काढला, आतबाहेर तपासणी लावली.

"आता नवीन अँटिव्हायरस कोणता घेऊ?" सरिताने विचारलं. "जो सगळ्यात महाग असन तो सांग. आणून टाकतो."

"महाग म्हणजे चांगला, असं नसते बाई. तुमचं काम काय? टायपिंग. पेनड्राइव्ह येते-जाते. बाकी सगळं मोबाइलवर. तुमाले विंडोजच्या आत जो असते ना, तोच पुरे. जुना मुदत संपलेला काढून टाकू. दोन-दोन ठेवले का एकमेकाले अडवतात."

"मंग राखण कोण करन?"

"तोच करते. तुमी अपडेट थांबवाचं नाई. आन असा भोंगा वाजला तर बंद करून टाकाचं. खरा अँटिव्हायरस फोन कर म्हणत नाई."

पासवर्ड बदलायचा होता. नाव नको, जन्मतारीख नको, लांब हवा. निशातने तोंड फिरवलं. सरिताने एकमेकांशी काही संबंध नसलेले चार शब्द टाकले.

मग निशातने बाहेरची एक डिस्क जोडली. "कॉम्प्युटर उद्या मेला तरी इथलं राहते. कॉपी झाली का काढून कपाटात ठेवाची. काय काय घेऊ?"

"नाटकं घे."

"आन भाऊचं?"

संघपालच्या नावाचा फोल्डर निशातने उघडला. विजेची बिलं, बदलीचा अर्ज, विहिरीवरच्या मोटारीचे चार सारखेच फोटो. शेवटी एक पान होतं. कधीतरी त्याने टायपिंग शिकायला घेतलं असावं. 'घर बघ. कमल उठ. कमल घर बघ.' पुढे तेच, खालपर्यंत. सरिताची नजर चुकांवर गेली. एका 'कमल'ला वेलांटी पडली होती, एका 'घर'चा 'घ' राहिला होता. तिचा हात माउसकडे गेला, दुरुस्त करायला. मग तिने तो मागे घेतला.

"हेही घे," ती म्हणाली. "आहे तसंच."

कॉपी होईपर्यंत दोघी बसल्या. निशात क्लासमधल्या पोरींचं काहीबाही सांगत होती. सरिता हं हं करत होती. डोळे कोरडेच होते. मधेच पाणी प्यायला ती उठून आत गेली.

पुढच्या आठवड्यात वडशाच्या एका नाटक कंपनीचा लेखक निकेश आला. त्याचा पेनड्राइव्ह तिने लावला, पण उघडला नाही. आधी तपासणी लावली. तीन फाइली लाल निघाल्या.

"माह्या पेनड्राइव्हमधी? शक्यच नाई, बाई."

"पाह्य ना तू."

निकेश वाकून बघू लागला. कान लाल झाले त्याचे. सरिताने त्या फाइली पुसल्या आणि विचारलं, "नवीन नाटक आणलं काय?"

त्याने पिशवीतून कागद काढले. पहिला अंक लग्नमांडवात होता. म्हाताऱ्या नटाला बारीक दिसत नाही, त्याचे संवाद मोठ्या अक्षरात पाहिजेत, असं त्याने सांगितलं. सरिताने चष्मा पुसला आणि पात्रांची नावं टाइप करायला घेतली.