दार ढकलायचं ज्याचं त्याने

माझा धाकटा भाऊ चावीवाला. बाजाराच्या कोपऱ्यावर त्याचा पत्र्याचा ठेला, वर चाव्यांच्या माळा, खाली कानशी, चिमटे आणि चावीला दात पाडायचं मशीन. लोक त्याला किल्लीशेठ म्हणतात. शेठ कसला डोंबलाचा! तीस वर्षांत स्वतःला बसायला धड खुर्ची घेतली नाही, रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसतो.

कुणी घराबाहेर अडकलं की त्याला बोलावणं येतं. त्याची एक रीत आहे. कुलूप उघडलं, खटका मागे सरकला, की हत्यारं गोळा करून तो दोन पावलं मागे येतो आणि म्हणतो, "आता दार तुम्ही ढकला." स्वतः कधी ढकलत नाही, म्हणजे नाही. एका आजीबाईंचे दोन्ही हात पिशव्यांनी भरलेले होते. "अरे, ढकल की मेल्या!" म्हणून त्यांनी शिव्या घातल्या. याने पिशव्या धरल्या, पण दार त्यांनाच ढकलायला लावलं. मी हसायचे त्याला. अठ्ठावीस वर्षं मी बसमध्ये कंडक्टर होते, लोकांना आत ढकलण्यातच जन्म गेला माझा. मला कसलं दाराचं कौतुक! पण आता नाही हसत मी.

भाऊ नि भावजय भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. घरमालकाला ती जागा विकायची घाई झाली. करार संपायला अजून सात महिने होते. दोनदा तो येऊन "रिकामी करा" म्हणाला. दोन्ही वेळा भावाने हात जोडून सांगितलं, "हिचं पोटाचं ऑपरेशन आहे. मुदत संपली की एक दिवस जास्त राहणार नाही." मालक हसून "बरं बरं" म्हणाला आणि गेला.

ऑपरेशनला नऊ दिवस झाले होते. भर दुपारची वेळ. टाके ओले, आंघोळ बंद, म्हणून भावजय आतल्या खोलीत ओल्या फडक्याने अंग पुसत होती. दारात चावी फिरली. तिला वाटलं, नवरा जेवायला आला. "आलात का?" तिने विचारलं. घरमालक आणि त्याचे दोन मेहुणे, चपला घालून सरळ आत! एकाने मधला पडदा सारला. ती टॉवेल छातीशी धरून भिंतीला चिकटली, आणि तो शहाणा म्हणतो, "घाबरू नका, जागा बघायला आलोय." दुसरा तिच्या पलंगावर बसला. मोजपट्टी लावून भिंती मोजल्या त्यांनी, ती तशी उभी असताना! निघताना मालक म्हणाला, "पुढच्या वेळी आधी सामान बाहेर काढू, मग बोलू."

हे ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मालकाकडे चावी आली कुठून? तर कुलूपच जुनं, त्याचं! भाऊ जगाला सांगत फिरतो, घर बदललं की आधी कुलूप बदला, आणि स्वतःच्या घरी दिव्याखाली अंधार. मी झापलं तशी त्याची मान खाली गेली.

"ताई, चावी देताना मालक म्हणाला होता, आता हे घर तुमचं. लगेच कुलूप बदललं असतं तर तोंडावर अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. आणि चावी आहे म्हणून कुणी दुसऱ्याच्या घरात शिरतं का गं?"

तीस वर्षं कुलपांत काढलेला माणूस मला हे विचारतो! रडावं की त्याच्या पाठीत धपाटा घालावा, मला कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. जाताना कोर्टाबाहेर अर्ज टाइप करणाऱ्या बाईंना मी विचारून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "मालकी कुणाचीही असो, आत राहतो त्याच्या परवानगीशिवाय असं दमदाटी करायला शिरलं तर तो गुन्हा. दार फोडलंच पाहिजे असं नाही. गृह-अतिक्रमण म्हणून नोंदवायला सांगा."

ठाण्यातले साहेब चहा घेत होते. "काय चोरीला गेलं?"

"काही नाही."

"दार फोडलं? मारहाण?"

"नाही."

"मग तक्रार कशाची, मावशी? घर त्याचं, चावी त्याची." मग भावाचा धंदा कळल्यावर तर त्यांना हसूच फुटलं. "चावीवाल्याच्या घरात चावीने शिरले? तुम्हीच बनवून दिली असेल!" शेजारचा शिपाईही दात काढायला लागला. साहेबांनी कागदावर लिहायला घेतलं, 'जागेवरून किरकोळ वाद'.

किरकोळ! मी पदर खोचला, बसच्या शेवटच्या सीटपर्यंत जाणारा माझा आवाज काढणार, तेवढ्यात भाऊच बोलला. हळू, नेहमीसारखा.

"साहेब, गेल्या महिन्यात तुमच्या क्वार्टरचं कुलूप मी उघडलं. बाईसाहेब बाहेर अडकल्या होत्या."

"हो का? तो तूच का?"

"मीच. दार त्यांनी ढकललं, मी जिन्यात थांबलो. समजा मी आत गेलो असतो. काही उचललं नसतं, फोडलं नसतं, नुसता तुमच्या पलंगावर बसलो असतो. तर काय लिहिलं असतं तुम्ही?" साहेबांचा कप बशीवर आला. "आणि साहेब, क्वार्टरही तुमच्या मालकीची नाही. सरकारची आहे. उद्या सरकारी माणूस चावी घेऊन आला, बाईसाहेब आत असताना, तर?"

शिपायाचे दात आत गेले. साहेबांनी तो कागद फाडला, नवा घेतला आणि भावजयीचं म्हणणं घ्यायला एका बाई हवालदाराला घरी पाठवलं. गृह-अतिक्रमण लिहिलं, धमकी लिहिली, तिघांची नावं लिहिली. वाचून दाखवल्यावरच मी भावाला सही करू दिली.

मालक आज जामिनावर आहे. बाजारातून छाती काढून फिरतो, जसा काही हाच नाडला गेलाय. चोर तो चोर, वर शिरजोर! खटला चालेल तेव्हा चालेल. मी प्रत्येक तारखेला पहिल्या बाकावर बसणार आहे, बघू कोण उठवतं ते.

तक्रार दिली त्याच संध्याकाळी भावाने नवं कुलूप बसवलं. चाव्या दोनच, एक तिच्याकडे, एक याच्या खिशात. पण पहिल्याच दिवशी याने बाहेरून चावी फिरवली आणि भावजय आतून अशी किंचाळली की शेजारी धावत आले.

परवा दुपारी मी डबा घेऊन गेले, तर हा स्वतःच्याच दाराबाहेर उभा. चावी खिशात. बोटाने टकटक केली आणि म्हणाला, "मी आहे गं. सावकाश ये." आतून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. टाके सांभाळत ती येणार, मग कडी काढणार. बराच वेळ लागत होता.

"दार उघडून का नाही जात रे?" मी हळूच विचारलं.

"तिला उघडू दे," म्हणाला, आणि दोन पावलं मागे येऊन उभा राहिला.